चार रुग्ण, एक पत्र आणि न बदललेला सीटी स्कॅन

पीएचडीच्या तयारीला लागलं की सगळे एकच सल्ला देतात: पेपर वाचा, भरपूर वाचा. पण वाचायचा कसा, हे सांगणारे कमी भेटतात. मग पेट होते, गाईड ठरतात, सिनॉप्सिस लिहायला घेतला जातो आणि तिथे एक सवय हळूच रुजते. ॲबस्ट्रॅक्ट वाचायचा, शेवटचा परिच्छेद वाचायचा, त्यातलं एक वाक्य उचलायचं आणि आपल्या प्रस्तावनेत कंसातल्या संदर्भासह चिकटवायचं. मधल्या पानांत त्या वाक्याला आधार किती आहे, हे बघायचं राहूनच जातं.

ही सवय मोडायची असेल तर मोठ्या पेपरपासून सुरुवात करू नका. लहानसा, एका बैठकीत चार वेळा वाचून होईल असा घ्या. आज असाच एक घेऊ. करोनातून बरे झालेल्या पण पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या लोकांबद्दलचा, अवघ्या चार रुग्णांवरचा. सगळं जग घाबरलेलं असताना तो आला आणि त्यातलं एक वाक्य फार दूरवर गेलं. त्याच पेपरातला एक सीटी स्कॅनचा निष्कर्ष मात्र मागे राहिला. माझं म्हणणं असं की खरा ऐवज त्या मागे राहिलेल्या ओळीत होता. ते पटतं का, तुम्हीच ठरवा.

पत्रात नेमकं काय आहे

२७ फेब्रुवारी २०२० रोजी ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात हे ‘रिसर्च लेटर’ ऑनलाइन आलं. रिसर्च लेटर म्हणजे पूर्ण लांबीचा शोधनिबंध नव्हे. मोजक्या शब्दांत एक निरीक्षण मांडायची जागा. लेखक वुहान विद्यापीठाच्या झोंगनान हॉस्पिटलमधले, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांच्यात रेडिओलॉजीवाले पुढे होते. त्यामुळे सीटीचा तपशील त्यात ओघानंच आला.

रुग्ण चार. चौघंही वैद्यकीय क्षेत्रात काम करणारे, वय ३० ते ३६, दोन पुरुष, दोन स्त्रिया. चौघांचा आजार सौम्य ते मध्यम. तिघांना ताप, खोकला किंवा दोन्ही. एकाला सुरुवातीला काहीच लक्षण नव्हतं, पण रुग्णांच्या संपर्कात आल्यामुळे त्याचा सीटी काढला होता. चौघांचीही आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आणि चौघांच्याही सीटीत ज्याला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात तो धूसरपणा, म्हणजे घासलेल्या दुधी काचेतून पाहावं तसा फुफ्फुसाचा भाग. काही ठिकाणी त्यासोबत घट्ट झालेले भागही.

पुढे ते बरे झाले. लक्षणं गेली. तिघांचे सीटी साफ झाले, चौथ्याच्या सीटीत धूसर भागाचे पुसट ठिपके उरले. प्रत्येकाच्या ओळीनं दोन आरटी-पीसीआर निगेटिव्ह आल्या. लक्षणं सुरू झाल्यापासून इथवर यायला १२ ते ३२ दिवस लागले. त्यानंतर घरीच आणखी ५ दिवस वेगळं राहायला सांगितलं गेलं.

मग ५ ते १३ दिवसांनी पुन्हा तपासणी झाली आणि चौघंही पॉझिटिव्ह आले. पुढच्या ४-५ दिवसांत प्रत्येकाची आणखी तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा पॉझिटिव्ह. दुसऱ्या कंपनीचं किट वापरून पाहिलं, तरी पॉझिटिव्ह. पण लक्षण कोणालाच नव्हतं. आणि सीटी? आधीच्या चित्रांच्या तुलनेत काहीच बदल नाही. घरातल्या कोणालाही लागण झाली नाही.

पेपरातली माहिती एवढीच. आता शेवट बघा. लेखकांचा निष्कर्ष असा की बरे झालेल्यांपैकी निदान काही जण अजूनही विषाणूचे वाहक असू शकतात, आणि रुग्णाला घरी सोडण्याचे निकष पुन्हा तपासावे लागतील.

आधी चांगलं काय ते बोलू

टीका म्हणजे चुका शोधणं, असा समज असेल तर तो आजच सोडा. पेपरचं बळ कुठे आहे हे सांगता आलं नाही तर त्याची कमजोरीही नीट सांगता येत नाही.

या पत्राचं पहिलं बळ म्हणजे फेरतपासणी. एकदा पॉझिटिव्ह आलं आणि लिहून टाकलं, असं झालं नाही. तीनदा पुन्हा केलं, किट बदललं. प्रयोगशाळेतल्या घोळामुळे एखादा नमुना चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो. चौघांचे इतक्या वेळा, दोन कंपन्यांच्या किटवर येणं अवघड. म्हणजे घशात विषाणूचं आरएनए खरंच सापडत होतं, एवढं मान्य करायला हरकत नाही.

दुसरं बळ सीटीचं. प्रत्येकाच्या नव्या सीटीची तुलना त्याच माणसाच्या जुन्या सीटीशी केली. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम.

तिसरं, लेखक बढाई मारत नाहीत. रुग्ण थोडे आहेत, आजार गंभीर नव्हता, हे ते स्वतःच लिहितात. घरच्यांना लागण झाली नाही हे सांगताना, हे चौघं वैद्यकीय कर्मचारी असल्यानं घरी विशेष काळजी घेत होते, हेही नमूद करतात. म्हणजे ‘लागण झाली नाही, म्हणून ते संसर्गजन्य नव्हते’ असा सोपा अर्थ काढायची वाट ते स्वतःच अडवतात. हा प्रामाणिकपणा आहे आणि त्याची नोंद घ्यायलाच हवी.

मग ‘वाहक’ हा शब्द आला कुठून?

वाहक म्हणजे ज्याच्या अंगात जिवंत रोगकारक आहे आणि जो तो दुसऱ्याला देऊ शकतो. आता पत्रात काय मोजलं होतं ते आठवा. आरटी-पीसीआर. ही चाचणी विषाणूच्या आरएनएचे ठरावीक तुकडे शोधते आणि त्यांच्या प्रती वाढवत नेते. तो तुकडा जिवंत विषाणूतला आहे की फुटून गेलेल्या विषाणूतला, हे चाचणीला कळत नाही. तिला ते विचारलेलंच नसतं.

होळीचं उदाहरण घ्या. धुळवडीच्या सकाळी चौकात राख सापडते. राखेवरून काल इथे होळी पेटली होती एवढं नक्की कळतं. आत्ता आत निखारा आहे का, हे राख बघून कळत नाही. हात धरून बघावा लागतो. विषाणूच्या बाबतीत हात धरून बघणं म्हणजे कल्चर: रुग्णाचा नमुना जिवंत पेशींवर घालायचा आणि विषाणू वाढतोय का ते बघायचं. या पत्रात कल्चर नाही. वुहानमधली त्या वेळची परिस्थिती बघता ते नसणं समजण्यासारखं आहे. कल्चरला कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि शहर तेव्हा आजाराच्या तडाख्यात होतं. पण कारण समजण्यासारखं असलं म्हणून पुराव्यातली पोकळी भरत नाही. ‘घशात आरएनए सापडलं’ इथून ‘वाहक असू शकतात’ इथे जाताना मधली एक पायरी गाळली गेली.

‘असू शकतात’ असं म्हटलंय ना, मग काय बिघडलं? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर बरोबर आहे. पेपरात ‘शकतात’ असतंच. पण पेपरातून प्रस्तावनेत, प्रस्तावनेतून बातमीत, बातमीतून फॉरवर्डमध्ये जाताना सगळ्यात आधी गळतं ते ‘शकतात’.

आणि हे गळणं कोणाच्या तरी अंगावर येतं. पुन्हा पॉझिटिव्ह आलेला माणूस म्हणजे पुन्हा विलगीकरण, पुन्हा कामावर बंदी, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरा. हे चौघं तर हॉस्पिटलमधले. कामावर परत जाता येईल का, हे ठरवण्यासाठीच त्यांची तपासणी होत होती. वैद्यकीय मनुष्यबळाची सर्वाधिक गरज असलेल्या शहरात.

सीटी नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो

आता त्या मागे राहिलेल्या ओळीकडे येऊ. चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह, पण फुफ्फुसाचं चित्र आहे तसंच.

सीटीत विषाणू दिसत नाही. सीटीत दिसतो तो फुफ्फुसाच्या ऊतींवर झालेला परिणाम: सूज, हवेच्या पिशव्यांत साचलेला द्रव, नंतर भरून येण्याच्या खुणा. होळीच्याच भाषेत बोलायचं तर पीसीआर राख शोधते आणि सीटी काळवंडलेली जमीन दाखवतो. राख आणि जमीन दोन्ही आग विझल्यावरही राहतात, पण सारख्याच काळासाठी नाही. म्हणून दोघांची साक्ष वेगवेगळी ऐकायची असते.

या चौघांच्या बाबतीत काय शक्यता होत्या, त्या मांडून बघू. एक, जुना संसर्ग फुफ्फुसात पुन्हा पेटला. दोन, बाहेरून नव्यानं संसर्ग झाला. तीन, जुन्या संसर्गाचे अवशेष हळूहळू बाहेर पडत होते आणि मधल्या दोन चाचण्यांना ते सापडले नाहीत.

पहिली शक्यता खरी असती तर सीटीत काहीतरी नवं दिसण्याची अपेक्षा ठेवता येते. तीन साफ सीटींपैकी एखाद्यात नवा धूसर भाग, किंवा चौथ्याचे उरलेले ठिपके वाढलेले. तसं काही दिसलं नाही. ही ओळ पहिल्या शक्यतेच्या विरोधात जाते. ती पूर्ण रद्द करत नाही, कारण संसर्ग फक्त नाकाघशात असेल तर फुफ्फुस साफच दिसेल. पण तराजू झुकतो. दुसरी शक्यता सीटीवरून ठरतच नाही. तिथे विषाणूचा जनुकीय क्रम लागतो. श्वसनाची लक्षणं असलेल्या कोणाशी संपर्क आला नव्हता, एवढी माहिती पत्र देतं, पण लक्षणं नसलेल्यांकडूनही हा आजार पसरतो. तिसरी शक्यता सीटीशी सगळ्यात सहज जुळते.

म्हणजे पत्रातला सगळ्यात बोलका पुरावा ‘अवशेष’ या बाजूला झुकत होता आणि निष्कर्षातला सगळ्यात बोलका शब्द होता ‘वाहक’. रेडिओलॉजीच्या लोकांनी लिहिलेल्या पत्रात सीटीच्या निष्कर्षाला निष्कर्षाच्या परिच्छेदात वजन मिळू नये, ही माझी या पत्राबद्दलची मुख्य तक्रार आहे.

तुलना कोणाशी?

पुढची तक्रार या एका पत्रापुरती नाही. या विषयावर तुम्ही जे काही वाचाल त्या सगळ्याला ती लावून बघा. पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांचे सीटी काढले, त्यांत अमुक इतक्यांत डाग उरलेले होते, असं वाचलं की पहिला प्रश्न विचारा: जे पुन्हा पॉझिटिव्ह आले नाहीत, त्यांच्या सीटीत काय होतं?

समजा, तुम्ही पुन्हा पॉझिटिव्ह आलेले ४० जण घेतले आणि त्यांपैकी २० जणांच्या सीटीत डाग शिल्लक दिसले. (आकडे केवळ उदाहरणासाठी.) निम्म्या लोकांत डाग! वाचून वाटतं, डाग आणि पुन्हा पॉझिटिव्ह येणं यांचा संबंध असणार. आता त्याच हॉस्पिटलमधून बरे झालेले, निगेटिव्हच राहिलेले आणखी ४० जण घेतले आणि त्यांच्यातही २० जणांत डाग सापडले तर? संबंध संपला. पहिल्या ४० जणांकडे कितीही बारकाईनं बघितलं तरी हे कळलं नसतं.

तुलनेचा गट घेतानाही दोन सापळे आहेत.

पहिला सापळा निवडीचा. चीनमध्ये तेव्हा घरी सोडण्याचे निकष असे होते: तीन दिवसांहून जास्त काळ ताप नाही, श्वसनाची लक्षणं गेलेली, सीटीत ठळक सुधारणा, आणि निदान एक दिवसाच्या अंतरानं ओळीनं दोन आरटी-पीसीआर निगेटिव्ह. नीट बघा, सीटीतली सुधारणा ही निकषातच आहे. म्हणजे ज्यांचा सीटी सुधारला नव्हता ते या अभ्यासात येऊच शकत नव्हते. मग ‘पुन्हा पॉझिटिव्ह आले तरी सीटी चांगला होता’ हा काही अंशी शोध नसून प्रवेशाची अट आहे. शिवाय अट ‘ठळक सुधारणा’ अशी आहे, ‘पूर्ण साफ’ अशी नाही. त्यामुळे काही जणांत डाग राहणं हेही त्या अटीतच बसतं.

दुसरा सापळा दिवसांचा. फुफ्फुसातले बदल एका क्रमानं वाढतात आणि ओसरतात. २०२० मध्येच ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात वुहानमधल्या २१ रुग्णांच्या पाठोपाठ काढलेल्या सीटींचा अभ्यास आला होता. त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवशी बदल सर्वाधिक दिसले आणि दोन आठवड्यांनंतर ते ओसरताना दिसले. हे रुग्ण तीव्र श्वसनाचा त्रास नसलेले होते. आता कोणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांचा सीटी काढला आणि ‘सुधारणा दिसली’ असं लिहिलं, तर ती सुधारणा दिवस उलटल्याची आहे. ती चाचणीच्या निकालाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून तुलना करायची तर आजाराच्या त्याच दिवसाला असलेल्या लोकांशी करायची.

आणि एक छोटी गोष्ट, जी पद्धतीच्या विभागात हमखास शोधा: सीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला निकाल माहीत होता का? ‘हा पुन्हा पॉझिटिव्ह आलाय’ हे माहीत असलेला डोळा पुसट ठिपक्यावर जास्त वेळ थांबतो. त्यात अप्रामाणिकपणा नसतो, तो डोळ्यांचा स्वभाव असतो. म्हणून निकाल झाकून वाचायला देतात.

दोन निगेटिव्हचा हिशेब

‘पुन्हा पॉझिटिव्ह’ या शब्दांत एक गृहीतक लपलंय: मध्ये माणूस खरोखर निगेटिव्ह होता. कागद-पेन घ्या आणि तपासून बघा.

समजा, बरे होत आलेल्या १०० जणांच्या घशात विषाणूचं आरएनए अगदी थोडं उरलंय, इतकं की एका स्वॅबमध्ये ते सापडण्याची शक्यता निम्मी. पहिल्या चाचणीत ५० जण निगेटिव्ह. दुसऱ्या चाचणीत त्यांतले २५. हे २५ जण नियमानुसार ‘मुक्त’. काही दिवसांनी यांची पुन्हा एकदा चाचणी घेतली आणि आरएनए तेवढंच उरलं असेल, तर १२-१३ जण पॉझिटिव्ह येतील. शरीरात काहीही नवं न घडता डझनभर लोक ‘पुन्हा पॉझिटिव्ह’.

हिशेब छान जमला म्हणून लगेच खूश होऊ नका. जी कसोटी दुसऱ्याच्या निष्कर्षाला लावली तीच या स्पष्टीकरणालाही लावा. या चौघांच्या नंतरच्या तीनही फेरतपासण्या पॉझिटिव्ह आल्या. प्रत्येक वेळी शक्यता निम्मी असेल तर चार माणसं गुणिले तीन चाचण्या, अशा बाराच्या बारा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक. म्हणजे नुसतं नाणेफेकीचं स्पष्टीकरण इथे पुरत नाही. आधीचे निगेटिव्ह स्वॅब नीट घेतले गेले नसतील, किंवा आरएनए बाहेर पडण्याचं प्रमाण दिवसागणिक कमीजास्त होत असेल, असं काहीतरी जोडीला घ्यावं लागतं. कोणतं, हे या पत्रातून ठरत नाही. पण ‘अवशेष’ आणि ‘वाहक’ यांच्यातला निर्णय करायला आणखी कोणता पुरावा लागेल, हे आता आपल्याला नीट सांगता येतं.

तो पुरावा कुठून आला

कल्चरकडून आणि संपर्कातल्या लोकांकडून.

एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये म्युनिकमधल्या नऊ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्या नमुन्यांतून पहिल्या आठवड्यात जिवंत विषाणू सहज वाढवता आला. आठव्या दिवसानंतर मात्र, आरएनए भरपूर सापडत असूनही, जिवंत विषाणू वाढवता आला नाही. आरएनए आणि निखारा वेगळे असू शकतात, हे इथे डोळ्यांसमोर आलं.

पुढच्या महिन्यात दक्षिण कोरियाच्या रोगनियंत्रण केंद्रानं पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांचा तपास जाहीर केला. १५ मेपर्यंत असे ४४७ लोक नोंदले गेले होते; त्यांपैकी २८५ जणांचा तपास झाला. त्यांच्या संपर्कातल्या ७९० लोकांचा पाठपुरावा केला. केवळ यांच्यामुळे लागण झाली असं म्हणता येईल असा एकही जण सापडला नाही. १०८ जणांच्या नमुन्यांचं कल्चर केलं. एकातही विषाणू वाढला नाही. त्यानंतर कोरियानं अशा लोकांना पुन्हा नव्या रुग्णासारखं वागवणं थांबवलं आणि त्यांच्यासाठी वापरायचा शब्दही बदलला: ‘पुन्हा पॉझिटिव्ह’ऐवजी विलगीकरण संपल्यावर ‘पीसीआरमध्ये पुन्हा आढळलेले’. शब्द किती मोजला ते बघा. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं.

याच तपासातली आणखी एक गोष्ट सीटीच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. ज्यांच्या लक्षणांची माहिती मिळाली त्यांतल्या सुमारे ४५ टक्के लोकांना खोकला, घसादुखी अशी काही ना काही लक्षणं होती. जिवंत विषाणू वाढत नाही, तरी माणूस खोकतोय. इथे सीटी कामाचा आहे, अर्थात सरसकट नव्हे, ज्याला ताप किंवा धाप आहे त्याच्यासाठी. नवीन न्यूमोनिया आहे का, दुसरा जंतुसंसर्ग झालाय का, जुन्या जखमा भरताना व्रण राहतोय का, हे प्रश्न सीटीचेच आहेत. ‘हा माणूस दुसऱ्याला लागण देईल का’ हा प्रश्न मात्र सीटीचा कधीच नव्हता.

आणि खऱ्या पुनर्संसर्गाचं काय? ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगमधल्या संशोधकांनी ३३ वर्षांच्या एका पुरुषाचं प्रकरण मांडलं. पहिल्या संसर्गानंतर १४२ दिवसांनी, परदेशातून परतताना विमानतळावर तो पॉझिटिव्ह आला. लक्षण काहीच नव्हतं. दोन्ही वेळच्या विषाणूंचे पूर्ण जनुकीय क्रम वेगळे निघाले, म्हणून तो दुसरा संसर्ग ठरला. म्हणजे पुनर्संसर्ग होतो. पण तो सिद्ध कशानं झाला हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात

भारतात ८ मे २०२० च्या सुधारित धोरणानुसार सौम्य आजार असलेल्यांना, लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाल्यावर आणि तीन दिवस ताप नसल्यास, घरी सोडताना आरटी-पीसीआरची सक्ती उरली नाही. त्यामुळे ‘पुन्हा पॉझिटिव्ह’ हा गोंधळ बराचसा टळला. ज्याची शेवटची निगेटिव्हच घ्यायची नाही, तो पुन्हा पॉझिटिव्ह कसा ठरणार? तेव्हा अनेकांना हे धोरण ढिलं वाटलं. पण वर पाहिलेला पुरावा समोर ठेवून आता तुम्हीच विचार करा.

सीटीचा मोह मात्र आपल्याकडे वेगळ्या वाटेनं आला. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात ‘स्कोर किती आला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता. फुफ्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन २५ पैकी काढलेला तो आकडा. रेडिओलॉजिस्टनं रोगाचा विस्तार टिपण्यासाठी वापरायची खूण. तो दहावीच्या मार्कांसारखा सांगितला जाऊ लागला. मागणी इतकी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला एचआरसीटीच्या दरांवर मर्यादा घालावी लागली. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी काढण्यात अर्थ नाही, असं जाहीरपणे सांगितलं. किरणोत्सर्गाच्या धोक्याबद्दल त्यांनी दिलेल्या आकड्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं आक्षेप घेतला, तो वादही वाचण्यासारखा आहे. पण मूळ मुद्दा तोच: चित्र चांगलं असतं, प्रश्न चुकीचा असतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या विषयावर आज कोणी अभ्यास आखायला बसलं तर काय हवं, ते आता जवळजवळ आपोआप लिहिता येतं. पुन्हा पॉझिटिव्ह आलेले आणि निगेटिव्हच राहिलेले, असे दोन्ही गट. दोन्ही गटांची तपासणी सारख्याच वेळापत्रकानं, नाहीतर ज्यांची जास्त वेळा तपासणी होते तेच जास्त वेळा पॉझिटिव्ह सापडतात. सीटीची तुलना आजाराच्या त्याच दिवसांना. निकाल झाकून वाचणारे दोन रेडिओलॉजिस्ट, आणि ‘बदल’ कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवलेलं. जोडीला कल्चर, शक्य असेल तिथे जनुकीय क्रम. आणि लक्षणं नसलेल्या माणसाचा सीटी केवळ अभ्यासासाठी काढायचा असेल, तर त्याच्या फुफ्फुसावर पडणाऱ्या किरणांच्या बदल्यात त्याला काय मिळणार, याचं एथिक्स कमिटीला पटेल असं उत्तर.

त्या चार रुग्णांच्या पत्रात यातलं बरंच नव्हतं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते असायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. निरीक्षण लवकर जगासमोर ठेवणं हे त्याचं काम होतं आणि ते त्यानं केलं. ते वाचताना निष्कर्षाला पुराव्याशी जोखणं हे आपलं काम होतं.

आता एक गृहपाठ. तुमच्या विषयातला, तुम्ही आधीच प्रस्तावनेत वापरलेला एक पेपर काढा. त्याचा शेवटचा परिच्छेद झाकून ठेवा. फक्त पद्धती आणि निकाल वाचून निष्कर्षाचं वाक्य स्वतः लिहा. त्यात जे मोजलंय तेवढंच येऊ द्या. मग झाकलेला परिच्छेद उघडा आणि दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. या पत्रापुरतं माझं वाक्य असं झालं: बरे झालेल्या चार तरुण वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या घशात काही दिवसांनी विषाणूचं आरएनए पुन्हा सापडलं, त्या वेळी त्यांना लक्षणं नव्हती आणि फुफ्फुसांत नवा बदल दिसला नाही. वाक्य रुक्ष आहे, त्याची बातमी होणार नाही. पण सिनॉप्सिसमध्ये घातलं आणि आरआरसीत कोणी ‘कशावरून?’ असं विचारलं, तर त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी बोट ठेवायला जागा आहे.